आईची बांगडी आणि भेंडीचं पाणी

माझी आई भेंडी पुसते. धुऊन झालेली भेंडी ती सुती फडक्यावर पसरते आणि एकेक हातात घेऊन, नुकत्याच न्हालेल्या बाळाचं अंग टिपावं तशी, देठापासून टोकापर्यंत कोरडी करते. मग सुरी पुसते, हात पुसते आणि त्यानंतरच चिरायला घेते. कढईत भेंडी पडली की पाठोपाठ आमसूल. आमसूल संपलं असेल तर लिंबू, आणि दोन्ही नसतील तर त्या दिवशी दुसरी भाजी. एवढं करूनही एखादी तार सुटलीच, तर तो तिला स्वतःचा पराभव वाटतो. बुळबुळीत हा शब्द आमच्या घरात शिवीच्या जागी वापरतात. माणूस आवडला नाही की तो बुळबुळीत. या यादीत आमचे दोन नातेवाईक आहेत आणि एक माजी नगरसेवक.

अशा बाईच्या पोटी मी जन्मले आणि बुळबुळीतपणाचा अभ्यास करून पोट भरते.

मी पंधरा वर्षं पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकत असताना मधे पाण्याचा अगदी पातळ थर असला, रेणूंच्या चार-दोन ओळींएवढा, तर घर्षण इतकं कमी का होतं, हा माझा विषय. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?" तर मी सांगायचे, "गोष्टी कशा घसरतात ते बघते." शेजारी आई बसलेली असायचीच. "त्यासाठी पीएचडी कशाला लागते?" ती म्हणायची. "सकाळी आमच्या मोरीत या. फुकटात दिसेल." सगळे हसायचे. मी मात्र चिडायचे. मला राग पटकन येतो आणि तो लपवताही येत नाही, हे आईला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ती काडी टाकते.

एक गोष्ट मी तिच्यापासून दोन वर्षं लपवून ठेवली होती. आमच्या प्रयोगशाळेत सध्या ज्या पदार्थावर काम चालू होतं, तो भेंडीचा चीक होता. मी रोज खराडीहून स्कूटरवर प्रयोगशाळेत जायचे, भेंडी चिरायचे, पाण्यात भिजवायचे, तो चीक गाळून घ्यायचे आणि काचेच्या दोन पट्ट्यांमधे घालून मोजत बसायचे. आईला हे कळलं असतं तर तिने जेवताना माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नसतं.

आई शुक्रवार पेठेत राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मंडई तिथून चालत पाच मिनिटांवर. दर रविवारी सकाळी ती मंडईत जायची. भाजी घेणं हे निमित्त. खरं काम म्हणजे भाव करणं, भेंडीचं टोक मोडून बघणं, टोक मोडलं म्हणून भाजीवालीशी वाद घालणं आणि तिच्याकडूनच भेंडी घेऊन घरी येणं. ही भाजीवाली लोणी काळभोरहून येते. दोघींचं भांडण वीस वर्षं तरी चालू आहे, आणि एक रविवार आई गेली नाही तर दुसरी कासावीस होते.

मग आईचा उजवा गुडघा बिघडला. आधी ती एक रविवार सोडून जायला लागली. मग महिन्यातून एकदा. मग जिन्यात मधेच बसून राहिली आणि शेजाऱ्यांनी वर आणलं. त्यानंतर मी तिच्या फोनवर भाजी घरपोच मागवायची सोय करून दिली. पिशवी आली की ती उघडून एकेक भेंडी वर धरायची आणि म्हणायची, "ही कुणी निवडली? यंत्राने?" पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. पिशवी आली की न बघता फ्रिजमधे ठेवायची. त्या दिवशी मी घाबरले. आईने भाजीला नाव ठेवलं नाही, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. आठ महिने ती मंडईत गेली नव्हती.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली आहे, सांधा बदलावा लागेल. "काही काळजी करू नका आजी," ते म्हणाले. आई म्हणाली, "करत नाही. पण मी तुमची आजी कधीपासून?" डॉक्टर हसले आणि पुढच्या सगळ्या भेटींत तिला बाई म्हणाले.

घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं. "तुझ्या विषयातलं आहे ना हे? सांग. माझ्यातलं काय संपलं?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती हे विचारत होती. मी सांगितलं की गुडघ्यात हाडाच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि त्यावर काही लांबलचक रेणू केसांसारखे उगवलेले असतात. त्या रेणूंवर जागोजागी विद्युतभार असतो आणि प्रत्येक भार आपल्याभोवती पाणी धरून ठेवतो. आपण उभे राहिलो की सगळ्या अंगाचं वजन त्या इवल्याशा पाण्यावर येतं, तरी ते निसटून जात नाही. आणि गंमत अशी की धरून ठेवलेलं असूनही ते थिजत नाही. त्यातले रेणू सारखी जागा बदलत असतात, एक जातो, दुसरा येतो, म्हणून वरचं हाड खालच्या हाडावर अलगद सरकतं.

"म्हणजे थोडक्यात," आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यातलं बुळबुळीत संपलं."

"थोडक्यात, हो."

तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "जन्मभर नावं ठेवली ना मी त्याला." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला पाणी द्यावं लागलं.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं, भरती सोमवारी सकाळी. त्याआधीच्या बुधवारी तपासण्यांसाठी गेलो तेव्हा नर्सबाईंनी आईचा डावा हात उचलला आणि बांगडी फिरवून बघितली. सोन्याची, जाड, गोल, एकच बांगडी. "ही काढून यायचं," त्या म्हणाल्या. ऑपरेशनच्या वेळी विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकतं, शिवाय हात सुजला तर बांगडी आवळून बसते, असं त्यांनी नीट समजावलं. "निघत नसेल तर आम्ही कापतो. दोन मिनिटांचं काम आहे."

आईने हात मागे घेतला. "मग राहू दे."

"बांगडी राहू देता येत नाही हो," नर्सबाई म्हणाल्या.

"बांगडी नाही. गुडघा राहू दे."

बाहेर पडून रिक्षा केली. रिक्षात बसताच माझं तोंड सुटलं. एका बांगडीपायी तू जन्मभर खुर्चीत बसणार का, सोनार कापून पुन्हा जोडून देईल, कुणाला कळणारसुद्धा नाही, असं मी बडबडत राहिले. "मला कळेल," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

त्या बांगडीची गोष्ट मला माहीत होती. म्हणजे अर्धी माहीत होती. बाबा मोजणी खात्यात नोकरीला होते. दुसऱ्यांच्या जमिनी इंचाइंचाने मोजून देणारा माणूस. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी आईला न सांगता बांगडी करायची ठरवली आणि ती दुपारी झोपलेली असताना तिच्या मनगटाचं माप दोऱ्याने घेतलं. मनगटाचं! बांगडी मनगटावर बसायच्या आधी हाताच्या पंजावरून जावी लागते, हे त्या मोजणीवाल्याच्या डोक्यातच आलं नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने म्हणे दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "अहो, मी स्वतः मोजलंय."

ती बांगडी आईच्या हातात गेली ते मोरीत, साबण लावून. मी तेव्हा कॉलेजात होते, परीक्षेचा अभ्यास करत बाहेर बसले होते. आतून आईचं ओरडणं ऐकू येत होतं, मग बाबांचं "जरा धीर धर की", मग पुन्हा ओरडणं, आणि मग दोघंही हसत सुटले. माझे आईवडील एरवी मोठ्याने हसणारे नव्हते. ते हसणं थांबेना तेव्हा मी दारावर थाप मारून विचारलं, "काय चाललंय?" आतून बाबा म्हणाले, "काही नाही. मोजमापात थोडी चूक झाली."

त्यानंतर ती बांगडी कधी निघाली नाही. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. कुणी विचारलं तर आई म्हणते, "निघत नाही म्हणून घातलेली नाही. काढायची नाही म्हणून निघत नाही."

बुधवार संध्याकाळपासून मी तिच्याकडे राहायला गेले आणि आम्ही कामाला लागलो. निदान प्रयत्न करायला ती कबूल झाली होती. गुरुवारी खोबरेल तेल. तेल बांगडीच्या कडेखाली आलं की दाबाने बाजूला निघून जायचं आणि सोनं कातडीवर तसंच अडून बसायचं. शुक्रवारी साबण. अंगठ्याच्या बुडाशी कातडीची घडी पडली, बांगडी त्या घडीवर रुतली आणि आई कळवळली. मी वैतागून आणखी ओढली, ही माझी चूक. हात सुजला. शनिवारी सोनार घरी येऊन बघून गेला आणि कापण्यावाचून इलाज नाही म्हणाला. तो गेल्यावर आई म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. नको म्हणून सांग."

मी फोन हातात घेतला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून मंडईच्या बाजूने माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन परतत होती. मला इतकं वाईट वाटत होतं की आईवर चिडतासुद्धा येईना. मी जगभरच्या लोकांसमोर उभं राहून घर्षण कसं कमी करायचं यावर बोलून आले होते, आणि इथे मनगटापासून बोटांपर्यंतचं वीतभर अंतर मला पार करता येत नव्हतं. मग एका पिशवीतून डोकावणारी हिरवी टोकं दिसली आणि मी कपाळाला हात लावला. दोन वर्षं मी रोज जे चिरत होते ते मला तीन दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं प्रयोगशाळेत आणि घरातलं घरात, अशी आमच्या डोक्यात भिंतच असते.

मी फोन केला नाही. आत येऊन म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत थांब. मग हवं तर मी स्वतः सांगते त्यांना."

रविवारी सकाळी मी एकटी मंडईत गेले. भाजीवालीने मला लांबूनच ओळखलं.

"आजी कुठं हायती?" तिने विचारलं. "पाय बरा न्हाई व्हय अजून?"

"परवा ऑपरेशन आहे," मी म्हटलं. "मावशी, तुमच्याकडची सगळ्यात बुळबुळीत भेंडी द्या."

तिने तराजू खाली ठेवला. "कसली?"

"बुळबुळीत. जिला खूप चीक आहे अशी."

"ताई, वीस वरसं झाली मला हितं बसून. चिकट नगं म्हनत्यात समदी. तुमच्या आई तर टोक मोडून, वास घेऊन, पार पिच्छा पुरवत्यात." मग मी बांगडीचं सांगितल्यावर ती गंभीर झाली. ढिगाऱ्यात हात घालून तिने कोवळी, भरलेली अशी अर्धा किलो भेंडी एकेक करून निवडली. "कालच सांजच्याला तोडल्यात. ह्येंच्यात लई हाय. आन् निघाली का सांगा मला."

घरी येऊन मी भेंड्या धुतल्या, थोड्या चिरल्या आणि पातेल्यात गार पाणी घेऊन त्यात टाकल्या. आईला बाहेर खुर्चीत बसवलं, डावा हात दोन उशांवर उंच ठेवला, म्हणजे सूज उतरावी. आणि मग मला ते सांगावंच लागलं. दोन वर्षं मी नोकरीत काय करते ते.

"भेंडी?" आई म्हणाली.

"भेंडी."

"सरकार तुला भेंडी चिरायचा पगार देतं?"

"चिरायचा नाही, चिकाचा."

तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात खालून कुणीतरी गाडी काढायला हाक मारली, माझी स्कूटर मधे आली होती. मी खाली जाऊन, स्कूटर हलवून, दोन शब्द ऐकून आणि दोन ऐकवून वर आले. आई खुर्चीत तशीच बसली होती. काठी मात्र दुसऱ्या बाजूला ठेवलेली होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अर्ध्या तासाने मी पाणी गाळून घेतलं आणि आम्ही मोरीत गेलो. आई प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. मी तिच्या हातावर ते पाणी ओतलं, बांगडीखाली बोट घालून फिरवलं आणि हळूच पुढे सरकवलं. बांगडी जागची हलेना. पुन्हा ओतलं, पुन्हा सरकवलं. काही नाही. हाताला लागत होतं ते नुसतं पाणी, साधं, नळाचं असावं तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर नाही, माझ्यावर. एवढी वर्षं, एवढे शोधनिबंध, आणि ऐन वेळी हे असं. मी पातेल्यात चमचा बुडवून वर धरला. तार सुटली नाही. थेंब थेंब पडत राहिले. भेंडीचं पाणी असं वागतच नाही, निदान माझ्याकडे दोन वर्षांत एकदाही वागलं नव्हतं. मी गाळणीत उरलेल्या भेंड्या बोटाने उलट्यापालट्या केल्या. त्यात तळाशी, काळीभोर, मऊ पडलेली दोन आमसुलं होती.

"आई, हे काय?"

आईने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, शाळेतल्या मुलीसारखा.

"तू खाली गेलीस ना, तेव्हा नुसतं बघायला म्हणून उठले. ते इतकं बुळबुळीत दिसत होतं गं पातेल्यात. मला बघवेना. हात आपोआप डब्यात गेला."

मला हसावं की रडावं कळेना. मोडक्या गुडघ्याने, काठी टेकत ही बाई स्वयंपाकघरात गेली होती, आमसूल टाकायला! मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. तीही हसायला लागली. मग तिने विचारलं, "पण आमसुलाने होतं काय एवढं?"

मी सांगितलं की गुडघ्यात जसे ते लांब रेणू असतात, साधारण तशाच लांब साखळ्या भेंडीच्या चिकात असतात आणि त्यांच्यावरही पाणी धरून ठेवणारे भार असतात. आंबट घातलं की ते भार झाकले जातात. साखळ्या आकसतात, पाण्यावरची पकड सुटते आणि बुळबुळीतपणा जातो. तुझ्या आईने आणि तिच्या आईने हे कुणाला न विचारता शोधून काढलं होतं.

"म्हणजे आपली आमसुलाची पद्धत शास्त्रीय आहे."

"अगदी."

"मग तेवढं लिही कुठेतरी. नुसतं घसरतं काय लिहीत बसतेस."

उरलेली भेंडी आईने मघाशी खुर्चीतच मांडीवर फडकं पसरून, एका हाताने का होईना, पुसून ठेवली होती. ती घेतली. पुन्हा चिरली, पुन्हा भिजवली. या वेळी मी पातेल्याशेजारी पाट घेऊन बसले आणि आमसुलाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आईचा हात उशांवर उंच होता. त्या अर्ध्या तासात तिने मला राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली.

बांगडी घातल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले होते, चल, सराफाकडे जाऊन मोठी करून आणू. हात दाबला जात असेल तुझा. आई नको म्हणाली. "आयुष्यभर या माणसाने मोजून मापून केलं सगळं," ती म्हणाली. "साखरेचे चमचे मोजायचे. बसच्या रांगेतली माणसं मोजायचे. माझ्यासाठी म्हणून काही करायला गेले आणि पहिल्यांदा माप चुकलं. मला ते चुकलेलंच हवं होतं." तिने तोंड फिरवून घेतलं. मला माझ्या रिक्षातल्या बडबडीची लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. तुझा स्वभाव माझ्यावर गेलाय."

या वेळी चमचा वर धरला तर चांगली हातभर तार सुटली. आईने नाक मुरडलं. मी ती तार बघून इतकी खूश झाले की तिला दोनदा दाखवली.

मोरीत पुन्हा स्टूल. हात गार पाण्याखाली धरला, मग तो चीक मनगटापासून बोटांपर्यंत चोपडला, बांगडीच्या आतून, बाहेरून, अंगठ्याच्या बुडाशी. आईने अंगठा तळहातात दुमडून घेतला आणि डोळे गच्च मिटले. मी बांगडी धरली. ओढली नाही. नुसती थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत राहिले. ती अंगठ्याच्या उंचवट्याशी आली, जिथे तीन दिवस अडत होती, आणि तिथे क्षणभर थांबली. मग कातडी तिच्याखालून सरकली. आईला वाटलं मी अजून सुरुवातच करते आहे. बांगडी माझ्या हातात होती.

"आई, डोळे उघड."

तिने उघडले. आधी बांगडीकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. तिथे एक गोरी, गुळगुळीत पट्टी होती, इतक्या वर्षांत ऊन न बघितलेली. मला वाटलं आता ती रडणार. तिने बांगडी माझ्याकडून घेतली, आतल्या बाजूने उजेडात धरली आणि म्हणाली, "बाई गं! केवढा हा मळ!" आणि तिथेच बसून दातांच्या जुन्या ब्रशने घासायला घेतली. घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी तिच्या गळ्यात हात टाकले. माझे हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले होते आणि पहिल्यांदाच ती मला लांब हो म्हणाली नाही. मला आयुष्यात इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे.

प्रयोगशाळेतल्या लोकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बरोबर प्रश्न विचारले. हात उंच ठेवल्याने सूज उतरली होती, गार पाण्यानेही मदत झाली असणार, तू या वेळी ओढलं नाहीस, मग श्रेय एकट्या भेंडीला कसं? मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. आईला मान्य नाही. तिने भेंडीबद्दल आपलं मत बदलायला साठ-सत्तर वर्षं घेतली आहेत, आता ती ते पुन्हा बदलणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. पहिला महिना वॉकर, मग काठी, मग व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीशी रोज वाद, आणि मग एक दिवस जिन्याच्या तीन पायऱ्या. बांगडी कपाटात डबीत होती. मी अधूनमधून बघायचे, तिचं मनगट तिला रिकामं लागत होतं. बोलताना उजव्या हाताने ती डाव्या मनगटाशी काहीतरी फिरवायची आणि तिथे काही नसायचं. मी म्हटलं, आता सोनाराकडून मोठी करून घेऊ. ती म्हणाली, बघू.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती तीन मजले उतरली. मी पुढे, ती मागे, कठडा धरून. मंडईत पोहोचायला पाचाऐवजी वीस मिनिटं लागली. भाजीवालीने तिला बघितलं आणि गिऱ्हाईक सोडून उठून उभी राहिली.

"आजी! पाय हाय का बरा?"

"पाय बरा आहे. तुझी भेंडी जून आहे," आई म्हणाली आणि टोक मोडलं.

"मोडा, मोडा," भाजीवाली म्हणाली. "आज समदी मोडा." आणि पदराने डोळे पुसले.

घरी आल्यावर मी चहा टाकला. आई बराच वेळ स्वयंपाकघरात होती म्हणून बघायला गेले. ओट्यावर पातेलं होतं. त्यात गार पाणी, पाण्यात चार भेंड्या चिरलेल्या. न पुसलेल्या. आमसुलाचा डबा तिने स्वतःच वरच्या फळीवर, काठीने आत ढकलून, हात पोचणार नाही असा ठेवला होता. शेजारी बांगडी.

"अगं, हे काय?" मी म्हटलं. "मोठी करून घेऊया ना आधी. पुन्हा अडकून बसेल."

आईने चमचा पातेल्यात बुडवून वर धरला, तार सुटते का ते नीट बघितलं, आणि डावा हात माझ्यापुढे केला.

"बसू दे अडकून," ती म्हणाली. "काढता येते ना तुला?"

 पंधरा वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, आणि ते इतकं सहज आलं. मी तिचा हात धरला आणि तिला मोरीत घेऊन गेले. बांगडी एका दमात गेली. बाहेर येऊन आईने उरलेली भेंडी धुतली, फडक्यावर पसरली, एकेक करून कोरडी पुसली आणि मला वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितला.